चाल तीनशे वर्षांपूर्वीची

ॲन्सेल्मच्या मयताला सॅन्टनने भलतीच चाल वाजवली आणि त्याहून वाईट म्हणजे ती सगळ्यांना आवडली.

सॅन्टन गावच्या बँडचा कॉर्नेटवाला. सातिवलीच्या कारखान्यात त्याने तीस वर्षं नोकरी केली होती, पण माणसं त्याला ओळखत होती ती कॉर्नेटमुळे. लग्नात लोकांना नाचवायचं आणि मयताला रडवायचं, ही दोन्ही कामं तो सारख्याच गंभीर चेहऱ्याने करायचा. त्या दिवशी वाडीतून चर्चकडे जाताना ठरलेलं गीत संपलं, पुढच्या गीताचा कागद बाजूच्या केळीत उडाला आणि बोटं आपोआप दुसरीकडेच गेली. पुढारी जिकडे जाईल तिकडे जायची बँडला सवय असते, त्यामुळे मागचे सातजणही हळूहळू सूर लावून त्याच्या मागे आले. चर्चपर्यंत पोहोचेस्तोवर ॲन्सेल्मशी तीस वर्षं बोलत नसलेला त्याचा शेजारीही हुंदके देत होता.

ती चाल व्हिडिओ गेममधली होती.

गेम सॅन्टनच्या बायकोचा, सालोमीचा. ती आजारी पडली तेव्हा कॅनडातल्या मुलाने सुट्टीत येऊन ते यंत्र टीव्हीला जोडून दिलं होतं. खेळात एक नावाडी होता आणि त्याच्या होडीत सात पत्रं. सहांवर पत्ते होते, सातवं कोरं. बेटाबेटावर जाऊन ज्याचं पत्र त्याला द्यायचं. शाळेत चौतीस वर्षं मुलांना गोष्टी सांगितलेली सालोमी त्या नावाड्यात अशी गुंतली, की डॉक्टरांना तपासायला दिलेला हातसुद्धा तिला परत हवा असायचा.

सॅन्टनला या प्रकाराचा राग यायचा. होडीच बघायची असेल तर अर्नाळ्याला चल, म्हणायचा. तिथे पन्नास होड्या आहेत आणि एकीलाही वीज लागत नाही. सालोमी हसायची. सहाव्या बेटावर कुणा बाईने लावून ठेवलेला एक कंदील होता. नावाडी त्याच्यापाशी टेकला की एक चाल वाजायला लागायची, हळू, थांबत थांबत, आणि मग रोज दुपारी ती ओटीवर बसलेल्या नवऱ्याला हाक मारायची.

"अहो, एकदा येऊन ऐका तरी. तुमच्या कॉर्नेटसाठीच केलीय कुणीतरी."

"नंतर," सॅन्टन म्हणायचा. त्याला काही काम असायचं असं नाही.

मग नंतर राहिलंच नाही. सालोमी फेब्रुवारीत गेली. कोरं पत्र कुणाचं ते तिला कळायचं राहिलं होतं, आणि याची तिला मरणापेक्षा जास्त चुटपुट लागली होती. महिन्याच्या मिस्सानंतर, चर्चमधल्या तिच्या प्रार्थनेनंतर, सॅन्टनने एकदा यंत्र सुरू केलं. नावाडी तिने बसवला होता तिथेच, कंदिलापाशी बसला होता. चाल वाजली. सॅन्टन खुर्ची ओढून समोर बसला आणि ती पुरती ऐकून घेतली, तिने पहिली हाक मारल्यानंतर दहा महिन्यांनी. त्यानंतर तो रोज ऐकायचा आणि कॉर्नेटवर बसवायचा. पुढे मात्र जायचा नाही. होडी हलवली की सालोमीने ठेवलेली जागा मोडणार, या भीतीने तो रिमोटला धूळ पुसण्यापुरताच हात लावायचा.

तर ॲन्सेल्मला पुरल्यावर लोकांनी सॅन्टनला गराडा घातला. हे गीत कुठलं, हे कधी ऐकलं नव्हतं. आता कबरीपाशी उभं राहून ‘टीव्हीवरच्या खेळातलं’ कसं सांगायचं? सॅन्टन एकच शब्द बोलला.

"जुनं."

तेवढा एक शब्द गावाला पुरला. दुसऱ्या दिवशी ॲन्सेल्मची नव्वदीची आत्या शपथेवर सांगू लागली, की तिची आजी भात कांडताना हेच गुणगुणायची. तिचं ऐकून आणखी तिघींना आपापल्या आज्या आठवल्या. पुढच्या दोन मयतांना खास ही चाल मागून घेतली गेली. एका आजारी म्हाताऱ्याने तर ‘मला ते सॅन्टनचं जुनं हवं’ असं आधीच सांगून ठेवलं आणि ते ऐकायला मिळणार या आनंदात तो बरा झाला.

मग प्रीतमसर आले. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि वसईतला कुठलाही दगड त्यांच्या हातात दिला की त्याचं शतक सांगायचे. त्यांनी डोळे मिटून चाल ऐकली आणि ती तीनशे वर्षांपूर्वीची असल्याचं जाहीर केलं. पोर्तुगीज घडण, पण काळीज इथल्या मातीतलं. चर्चच्या स्मरणिकेत त्यांचा आठ पानांचा लेख ठरला आणि सणाच्या मिस्साला ही चाल वाजवायचीही ठरली.

सॅन्टनची झोप उडाली. कधीतरी कुणीतरी ओळखणार. मग सगळं गाव हसणार, चाल बंद होणार. खेळण्यातली चाल म्हणून जी त्याने सालोमीच्या तोंडावर हेटाळली, तिलाच आता सगळे हेटाळणार. त्याच्यापाशी तिचं म्हणून एवढंच उरलं होतं. ते हसण्यावारी गेलेलं त्याला सोसणार नव्हतं. शनिवारी संध्याकाळी तो कन्फेशनला जाऊन गुडघे टेकून बसला.

"फादर, मी खोटं बोललो. ती चाल जुनी नाही. गेममधली आहे."

जाळीपलीकडे फादर रिचर्ड पुढे झुकले. मग ते अगदी हळू म्हणाले, "सहाव्या बेटावर, कंदिलापाशी वाजते तीच ना?"

सॅन्टनने जाळीला डोळा लावला. फादरांनी नजर चुकवली. ॲन्सेल्मच्या मयतालाच त्यांनी ओळखली होती. शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडताना आपल्याला समोर होडी दिसत होती, हे त्यांनी कबूल केलं. तसं पाहिलं तर त्या जाळीत आता कोण कुणाला कबुली देत होतं हे सांगणं कठीण होतं. बोलले का नाहीत, असं सॅन्टनने विचारलं.

"लोक विचारतील, फादरांना कसं माहीत?" फादर म्हणाले. "आणि काका, मला ती ऐकायची असायची. असं संगीत कुणीतरी मनापासून केलेलं आहे. देवळात वाजलं तर काय बिघडलं?"

"मग आता तुम्हीच सगळ्यांना खरं सांगा. तुम्ही सांगितलंत तर कुणी हसणार नाही."

"कन्फेशनमधलं मी मेलो तरी सांगू शकत नाही. तुम्ही एकच शब्द खोटा बोललात. बाकीचं गाव बोललंय, त्यांनी आपापलं कन्फेशन करावं."

सॅन्टनने मग कोरं पत्र कुणाचं ते विचारलं. फादरांनी सांगायला साफ नकार दिला. खेळ पुरा करायचा, हेच त्याचं प्रायश्चित्त. होडी हलवली तर सालोमीची जागा जाईल, असं सॅन्टन म्हणाला.

"बुडालं की खेळ पुन्हा कंदिलापाशीच आणून ठेवतो," फादर म्हणाले. "आणि काका, तुम्ही बुडणार."

सॅन्टन बुडालाच. पहिल्या दिवशी एकोणीस वेळा. दर वेळी कंदील, दर वेळी ती चाल, आणि दर वेळी तो फोटोतल्या सालोमीला ‘हसू नकोस’ म्हणायचा. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी होडी सातव्या बेटाला लागली. तिथे कुणीच नव्हतं. नावाड्याने पत्र उघडलं, आणि चालीचा तोवर कधीच न ऐकलेला पुढचा भाग सुरू झाला.

तो तीन दिवसांत कॉर्नेटवर बसवून सॅन्टन सोनचाफा घेऊन दफनभूमीत गेला.

"सालोमी, पत्र नावाड्यालाच होतं," तो कबरीपाशी बसून म्हणाला. "कंदीलवालीने लिहिलं होतं. उशीर झाला तरी चालेल, म्हणून." मग त्याला खूप रडू आलं. ते ओसरल्यावर त्याने चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली.

वाजवून होतं न होतं तोच कुंपणाबाहेरून प्रीतमसर वही काढत धावत आले.

"काका, हे तर दुसरं कडवं. हे कुठून मिळालं तुम्हाला?"

सॅन्टनला आता खोटं बोलायचं नव्हतं. "बायकोकडून," तो म्हणाला. "ती सांगत होती, मीच ऐकलं नाही."

सरांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं : ‘ही परंपरा घरातल्या स्त्रीकडून आली.’ आठ पानांच्या त्या लेखात तेवढं एक वाक्य खरं होतं.