गोठ्यातली रेंज

"तार हाय तंवर घोर न्हाय बघा, अण्णा! तार दिसतीया, तुटली तर कळतीया, जोडता येतीया!"

हे उद्गार आकाराम लाइनमनने टेलिफोनच्या खांबावरून काढले, त्याला आता बरीच वर्षे झाली. उचगावच्या जिनपालअण्णा मगदुमांच्या घरी पहिला फोन लागला तो दिवस. अण्णा खाली पेढ्यांचा पुडा धरून उभे, वर आकाराम, आणि त्याचा आवाज वाऱ्यावरून निम्म्या गल्लीला वाटला गेला. पेढे नंतर वाटले.

जगातले सगळे बिघाड दिसणारे असतात आणि पक्कड घेतली की सुटतात, असा अण्णांचा त्या दिवशी ग्रह झाला. पुढे विज्ञानाने प्रगती केली आणि तार काढून टाकली. बिघाड तेवढा तसाच ठेवला. (तो आता दिसत नाही, ही सुधारणा.)

सन दोन हजार आठच्या उन्हाळ्यात, एका रविवारी, मगदुमांच्या बंगल्यात मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम योजला होता. मुलगी म्हणजे रोहिणी, अण्णांची एकुलती एक. धातुशास्त्र शिकलेली, शिरोली एमआयडीसीतल्या अण्णांच्या फौंड्रीत प्रयोगशाळा सांभाळणारी. मुलगा सन्मती चौगुले, मूळचा जयसिंगपूरचा, सध्या न्यू जर्सी. काम काय, तर मोठमोठ्या बँकांची नेटवर्कं बंद पडली की ती चालू करून देणे. स्थळ चांगले होते. (स्थळ न्यू जर्सीचे असले की ते चांगलेच असते. उचगावात याला आजवर अपवाद आढळलेला नाही.)

मुलाला रजा नव्हती, म्हणून हा समारंभ इंटरनेटवरून होणार होता. फोटो पसंत होता, पत्रिका जुळली होती, शेती-फौंड्री विचारून झाली होती. आता मुलगी हलताना कशी दिसते एवढेच बघायचे बाकी होते. मुलाकडून वेळ मिळाली ती संध्याकाळी पाचची. सहानंतर त्यांनी सांगलीची एक मुलगी ठेवली होती आणि मुलाच्या आईने ते आधीच स्पष्ट कळवले होते. (अशा बाबतीत पारदर्शकता असावी.) त्यात मगदुमांचे घर जैन. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचे, म्हणजे इकडूनही सूर्य घड्याळ घेऊन उभाच.

पाहुण्यांना दाखवण्यापुरते कांदेपोहे केले होते. जैनांच्या कांदेपोह्यांत कांदा नसतो, तरी त्यांना कांदेपोहेच म्हणतात आणि कुणी हरकत घेत नाही. बिनतारी इंटरनेटात इंटरनेट नसले, तर त्यावरही खरे म्हणजे कुणी हरकत घ्यायला नको होती.

पण घेतली.

पाच वाजता लॅपटॉप उघडला, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातल्या चिमुकल्या मनोऱ्यावर लाल फुली होती. लॅपटॉप रोहिणीचा होता. फौंड्रीतल्या लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती, याचे सगळे हिशेब ती त्यावर करी, आणि त्याची नस न् नस तिला ठाऊक होती. मात्र त्या दिवशी त्याला हात लावायची तिला मनाई होती. एक तर हातावर मेंदी होती. शिवाय मुलगी बघायच्या वेळी मुलीनेच यंत्र चालवले तर ते बरे दिसत नाही. ती जरीच्या साडीत, गजरा माळून, मांडीवर हात ठेवून बसली होती. मोगऱ्याच्या वेलीला कुणी काठी बांधावी, तशी ताठ.

यंत्राचा ताबा अनेकांतकडे होता. अनेकांत हा अण्णांचा पुतण्या. त्याने संगणकाचा निम्मा कोर्स पूर्ण केला होता. घरात दुसऱ्या कुणी पाव कोर्सही केलेला नसल्याने तो तज्ज्ञ होता. पुढेमागे फौंड्री त्याच्याच हाती द्यावी, असे अण्णांनी मनात धरले होते.

अनेकांतने शास्त्रशुद्ध पद्धतीने सुरुवात केली. त्याने लॅपटॉप बंद करून चालू केला. मग राउटर बंद करून चालू केला. मग घराचा मेन स्विच बंद करून चालू केला. पाण्याची मोटारही बंद करून चालू केली (ती नंतर चालूच राहिली). जगातल्या बहुसंख्य अडचणी बंद करून चालू केल्याने सुटतात. उरलेल्या अडचणी चालूच असतात.

तेवढ्यात अण्णांचा मोबाइल वाजला. पलीकडून सन्मती.

"काका, तुम्ही ऑनलाइन दिसत नाही."

"आम्ही हितंच हाय की!" अण्णा ओरडले. अमेरिका लांब असल्याने ते तिच्याशी ओरडूनच बोलत. "सगळी कपडे घालून बसलोय!"

"राउटरचे दिवे लागलेत का?"

"लागल्यात की! दिवाळी हाय नुस्ती!"

हे खरे होते. राउटर देवघराशेजारच्या कपाटावर होता. दसऱ्याला त्याची पूजा झाली होती, अंगावर गंधाचे स्वस्तिक होते आणि धूळ बसू नये म्हणून वर अण्णांच्या पत्नी अक्काताईंनी विणलेला रुमाल. दिवे रुमालाच्या जाळीतून लुकलुकत.

"मग लॅपटॉप राउटरजवळ न्या," सन्मती म्हणाला.

लॅपटॉप निघाला. लॅपटॉपमागे मुलगी निघाली, कारण रेंज अचानक आली आणि मुलगी दुसऱ्या खोलीत असली तर काय करता? सोप्यातून देवघर, देवघरातून जिना, जिन्यावरून गच्ची, अशी ती वरात फिरली. पुढे अनेकांत लॅपटॉप आरतीच्या ताटासारखा धरून, मागे अक्काताई पोह्यांची बशी घेऊन, आणि मध्ये रोहिणी.

"अण्णा," जिन्यात ती म्हणाली, "जरा ऐकता का माझं..."

"गप. निऱ्या सांभाळ. जिना हाय."

गच्चीवर फुली आणखी ठळक दिसू लागली. (उजेड जास्त होता.)

आता अण्णांनी स्वतः विचार करायला घेतला. ते फौंड्रीवाले, साधा माणूस नव्हे. त्यांनी असा विचार केला: रेंज दिसत नाही. जमिनीतले पाणीही दिसत नाही. दोन्ही कुठेतरी असतातच, फक्त जागा सापडावी लागते. न दिसणाऱ्या गोष्टींची जागा दाखवणारा माणूस आख्ख्या उचगावात एकच. मग नेटवाल्यांना फोन कशाला लावायचा? अण्णांनी पिराजीला बोलावणे पाठवले.

पिराजी पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतात अनवाणी चालायचा, आणि नारळ उभा राहिला की तिथे बोअर मारायचे. त्याने आजवर दाखवलेल्या जागांपैकी निम्म्याहून अधिक जागी पाणी लागले. उरलेल्या जागी ते आहेच, पण आणखी खाली आहे. अण्णांच्या मळ्यातली बोअर त्याचीच.

पिराजीने सगळी हकीकत ऐकून घेतली. माणूस अनुभवी असल्याने त्याने एकच प्रश्न विचारला.

"किती इंची पायजे?"

"तोंड दिसण्यापुरती हुईल का?" अण्णा म्हणाले.

"बघूया की."

आणि तो चालू लागला. डोळे अर्धे मिटलेले, पाऊल हलके, जणू जमिनीला झोप लागली आहे आणि तिला उठवायचे नाही. सगळे घर श्वास धरून मागे. नारळ सोप्यात हलला नाही. माजघरात हलला नाही. देवघरासमोर जरा डुलला, पण ते श्रद्धेने असावे. मागचे दार ओलांडले, गोठ्यात पाय पडला, आणि चंद्री म्हशीच्या गव्हाणीपाशी नारळ ताडकन् उभा राहिला.

"हितं हाय," पिराजी म्हणाला. "भरपूर हाय. म्हशीला लागतीया ती रेंज, म्हणूनच एवढं दूध देतीया."

या निष्कर्षात चूक काढू शकेल असा कुणी तिथे नव्हता. निम्मा कोर्स झालेलाही नाही.

गोठा झाडला. बाज टाकली. बाजेवर सतरंजी, सतरंजीवर रोहिणी, समोर शेणी ठेवायच्या फळीवर लॅपटॉप. चंद्री दिसू नये म्हणून मध्ये फुलाफुलांची चादर बांधली. चंद्रीला ते आवडले नाही. तिने चादरीच्या वरून मान काढली, हुंगले, आणि गजरा खाल्ला.

रोहिणी हसली. त्या दिवशी हसलेली ती पहिली आणि एकटीच. तिने मेंदीचा हात म्हशीच्या गळ्याखाली घातला आणि तिथेच राहू दिला.

"अण्णा, खरंच सांगते, एक मिनिट ऐका..."

"आता काय नवं? गजरा दुसरा आणाय सांगतो."

फुली गेली नाही.

मोबाइल पुन्हा वाजला. सन्मतीचा आवाज समजुतीचा होता, पण पाठीमागून त्याच्या आईचा आवाज येत होता, आणि त्यात सांगलीचे नाव होते. अण्णांनी आकाशाकडे पाहिले. ऊन गोठ्याच्या पत्र्यावरून उतरून गव्हाणीत आले होते. पोह्यांवरचे खोबरे वाळले होते.

अक्काताईंनी आता सूत्रे हाती घेतली. मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन त्या लॅपटॉपभोवती हात फिरवू लागल्या. त्यांच्या माहेरी जात्यावर गाणे होते. शब्द ओठांवर आपोआप आले:

आल्यागेल्याची नदर, पाव्हण्यारावळ्याची नदर
बिनतारी वाऱ्याची नदर, इथल्या इथं उतर

मग त्यांनी मूठ निखाऱ्यांवर टाकली. घरादाराला ठसका लागला, म्हैस शिंकली, अमेरिकेत फोनवर मुलाच्या आईने "काय जळतंय?" म्हणून विचारले. यंत्राला मात्र काही वाटले नाही. यंत्राचे हेच वाईट असते. ते कुणाचे मन राखत नाही.

अण्णा बाजेच्या कडेला बसले. माणूस मोठ्याने बोलणारा, पण आत लोणी. भट्टीच्या धगीपुढे उभी राहून राहून पोरगी काळवंडली, रस ओतताना एकदा तिच्या पायावर ठिणगी उडाली, तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. पोरीला गार देशात पाठवायचे, जिथे बर्फ पडतो, जिथे तिला कुणी लोखंड वितळवायला सांगणार नाही, एवढेच त्यांनी देवाजवळ मागितले होते. देवाने दिलेही. आणि आता ते फुलीवर अडले होते.

"अनेकांत," ते बारीक आवाजात म्हणाले, "सगळं करून बघितलंस न्हवं?"

"सगळं, काका."

"पिराजी?"

"रेंज हाय, अण्णा. माझा नारळ खोटं बोलत न्हाय. यंतर ती वडंना झालंय."

"कुणाला तरी विचाराय पायजे," अण्णा म्हणाले. "कुणाला म्हाईत असंल ह्यातलं?"

सगळे विचारात पडले. कोल्हापुरातल्या एका दुकानदाराचे नाव निघाले. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला असलेल्या एका साडूचे नाव निघाले. त्याचा फोन लागेना.

"मला म्हाईत हाय," रोहिणी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. चंद्रीनेही पाहिले.

"त्याला कडेला एक बटण असतं. बिनतारीचं. ते मीच सकाळी बंद केलंय. कारण..."

या निवेदनाचे दोन भाग होते. पहिला तांत्रिक स्वरूपाचा आणि दुसरा 'कारण' या शब्दाने सुरू होणारा. उपस्थितांनी पहिला भाग तातडीने हाती घेतला. दुसरा पुढे ढकलला.

"कुठलं बटण?" सगळे एकदम म्हणाले.

अनेकांत लॅपटॉपवर झेपावला. सत्याला अनेक बाजू असतात, ही शिकवण त्याच्या नावातच होती. लॅपटॉपची त्याने वरची आणि खालचीच बाजू तपासली होती. आता त्याने कड चाचपली, नखाने काहीतरी सरकवले, आणि छोटासा निळा दिवा लागला.

गोठ्यात आनंदाला पारावार राहिला नाही. "पोरगी हुशार हो!" पिराजी म्हणाला आणि "जागा हितंच हुती" असे म्हणत नारळ गव्हाणीच्या दगडावर फोडला. अक्काताईंनी डोळे पुसले. अण्णांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने बटण का बंद केले असेल, हे विचारायला त्या गर्दीत कुणाला सवड नव्हती. आणि सवड असती तरी दिवस मावळत होता.

पडद्यावर न्यू जर्सी उगवली. सन्मती, त्याची आई, आणि मागे पांढरीशुभ्र भिंत.

"नमस्कार," सन्मती म्हणाला. "आवाज येतोय का?"

"येतोय, येतोय!" अण्णा ओरडले. "बोल गं बाई. लाजू नकोस. बोल."

सबंध दिवसात तिला बोलायला पहिल्यांदाच सांगितले गेले होते. रोहिणीने पदर सावरला. म्हशीच्या गळ्याखालचा हात काढला नाही.

"नमस्कार. मला हे लग्न करायचं नाही. तुमच्यात काही वाईट नाही. मला आमची फौंड्री चालवायचीय. भट्टीपुढं उभं राहायला मला आवडतं. हे मी घरात दिवाळीपासून सांगायला बघतीय."

"काय म्हटली ती?" मुलाची आई म्हणाली. "आवाज तुटला का?"

"तुटला, तुटला!" अण्णा घाईने म्हणाले. "रेंज गेली बघा!"

"नाही काका," सन्मती हळूच म्हणाला. "अगदी स्पष्ट ऐकू आलं."

"अण्णा," पिराजी पडद्यात डोकावून म्हणाला, "रेंज फुल्ल हाय की!"

वाचकांपैकी बहुतेकांना आता एकच प्रश्न पडला असेल, की ते बटण नेमके कोणत्या कडेला असते. पुढच्या कडेला, डाव्या हाताला. (आपल्या लॅपटॉपची कड चाचपून झाली असेल, तर घरात गप्प बसलेल्या माणसाला, तो का गप्प आहे, हेही एकदा विचारून घ्यावे. त्याला बंद करून चालू करावे लागत नाही.)