दोन खुर्च्यांपुरती लादी

"तीस वर्षं तांडेल होतो. भर धुक्यात बोट भाट्याच्या खाडीत सरळ आणून घातली. दोन खुर्च्यांपुरती लादी बसवायला मला गवंडी लागतो काय रे?"

महिपतने हे विचारलं शेजारच्या नितेशला. नितेश धंद्याने गवंडीच.

जागा कधीचीच ठरलेली. परसात, माडाखाली, खाडी दिसते तिथे. "इथे संध्याकाळी दोघांनी चहा घेत बसायचं," असं गंगा वीस वर्षं म्हणत होती. तेव्हा महिपत समुद्रावर असायचा. आता तो घरी बसला, तर गंगा लेकीच्या, नम्रताच्या, बाळंतपणाला मुंबईला गेलेली. दीड महिन्यासाठी! नात सानवी एव्हाना भिंत धरून चालायला लागली होती. गंगाचा फोन रविवारी यायचा. "जेवलात? गोळी घेतलीत? बरं, ठेवते." वादळाचा इशारासुद्धा याहून मायेने देतात!

तर लादी. नितेशने देऊ केलेली, सपाटी बघायची पाणसळ महिपतने परत पाठवली. समोर एवढा मोठा माड असताना पाणसळ कशाला? त्याने माडाशी काटकोनात दोरी ताणली आणि लाद्या बसवल्या. आता किनाऱ्यावरचा माड कधी ताठ उभा राहिलाय का? तो बघतो समुद्राकडे वाकून! सिमेंट सुकल्यावर महिपतने ऐटीत खुर्ची मांडली. खुर्ची निघाली, ती थेट अळवाच्या वाफ्यात जाऊन नांगरली.

त्याने फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन!

"अहो, हे काय केलंत? होडी ढकलायचीय काय त्याच्यावरून?"

"अगो, पाणी जायला जरासा उतार..."

"उतार? घसरगुंडी आहे ती! काढा सगळं. आणि वाळू चाळून घ्या!"

सव्वीस मिनिटं बोलली. महिपत नंतर कितीतरी वेळ तो गरम झालेला कान धरून बसला.

दुसऱ्या खेपेला काम चांगलं जमलं. फोटो पाठवला. उत्तरादाखल एक पिवळा अंगठा आला. पुढे चार दिवस काही नाही.

पाचव्या दिवशी महिपतने पहार घेतली आणि एक कोपरा उचकटला. मग त्याला सूरच सापडला! एकदा वाळूऐवजी चुलीतली राख, एकदा लाद्या उलट्या, खरखरीत बाजू वर. फोन दिवसाला तीन झाले. गंगा मनसोक्त रागवायची, मध्येच सानवीच्या दातांचं सांगायची, मध्येच हळूच विचारायची, "माडाला फुलोऱ्याची नवी पोय आली का हो?"

शेवटी ती म्हणाली, "तुमच्याने व्हायचं नाही. मीच येते शनिवारच्या गाडीने."

शुक्रवारी महिपत सकाळीच दाढी करून बाजारात गेला. गंगाच्या आवडीचे सौंदाळे मासे घेऊन दुपारी परतला, तर परसात नितेश थापी धूत उभा!

"काका, हाल बघवेनात तुमचे. तुम्ही गेल्यापासून बसून, झटपट सुकणारं सिमेंट घालून सगळं नीट करून टाकलं. काकींना फोटोपण धाडला. म्हटलं, उगाच धावपळ नको!"

लादी आरशासारखी झाली होती. फोन वाजला.

"किती सुबक झालीय हो! तिकीट रद्द केलं मी. आता सानवीचा वाढदिवस करूनच येते. ठेवते."

महिपत लादीवर जाऊन बसला. खुर्ची तसूभर हलली नाही. शेजारची रिकामी खुर्चीही हलली नाही. खाडीवरचं ऊन उतरत गेलं, चहावर साय धरली. मग त्याने स्वतःहून फोन लावला.

"अगो, सहज सांगतो. हात चांगला बसलाय आता. तुझा स्वयंपाकघरातला ओटा मला जरा बुटका वाटतो. उद्या सकाळी पहार घालतो."

पलीकडे रडणारी सानवीसुद्धा थांबली.

"ओट्याला बोट लावलंत तर याद राखा! मी येतेय! उद्याच!"

ती ओट्यासाठी येतेय, आपल्यासाठी नव्हे, हे महिपतला पक्कं कळलं होतं. तरी त्याने तो ओटा तीनदा पुसून काढला.