बोर्डावरचा वाघ

"कोण वारलं रे?" मुलाच्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्याकडे बघत शुईमू पेंटरांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा. माझ्या गेमचं चित्र आहे. दुकानात लावायचं."

"मग दुकान मर्तिकाच्या सामानाचं असेल."

कुआनलिनने चित्र पुन्हा मोठं करून पाहिलं. राखाडी धुकं, धुक्यात बारीकसं थिएटर, थिएटराला बारीकशी तिकीटखिडकी. रंगवताना त्याचे स्वतःचे डोळे भरून आले होते. पण गेम विकणाऱ्या त्या इंटरनेटवरच्या दुकानात हजारो गेमची चित्रं पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसतात, आणि तेवढ्याशा आकारात त्याच्या चित्राचा नुसता डाग उरायचा. डागावर कोण थांबतं?

गेम मात्र जीव ओतून केलेला. तीन वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. त्यांच्या मिनशोंग गावातलं बंद पडलेलं चिनलुंग टॉकीज त्याने जसंच्या तसं उभं केलं होतं. तिकिटं फाडायची, खुर्च्यांवरून भांडणारी माणसं शांत करायची, भाजलेलं माकूळ विकणाऱ्याला दारात बसू द्यायचं, पहिल्या रांगेखाली झोपणाऱ्या कुत्र्याला उठवायचं नाही. कोणी मरत नाही, कोणी जिंकत नाही. गेम अजून यायचा होता, पण दुकानात त्याचं पान उघडलं होतं. आवडला तर लोकांनी त्यावर खूण करून ठेवायची. चंद्रोत्सवापर्यंत पुरेशा खुणा पडल्या नाहीत, तर सगळं गुंडाळून शिनचूला मामाच्या संगणकाच्या चिपच्या कारखान्यात नोकरीला जायचं, असं वचन त्याने दिलं होतं. आणि हे वचन घेतलं होतं ते खुद्द बाबांनीच.

"वर्णन तरी वाच," आई म्हणाली.

"'एका लहान गावातल्या थिएटरविषयीचा शांत, चिंतनशील अनुभव.'"

"मला जांभई आली."

तिला बोलायचा अधिकार होता. तरुणपणी ती तीनचाकीवर कर्णा बांधून गावोगाव चिनलुंगच्या पिक्चरची जाहिरात करत हिंडायची. तिचा आवाज ऐकून शेतातली माणसं अननस टाकून यायची म्हणतात. म्हणजे तीच म्हणायची, पण खोटं नसावं. आणि शुईमू पेंटर म्हणजे त्याच टॉकीजचे बोर्ड रंगवणारे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"दोन फोटो दे, नाव सांग," बाबा म्हणाले. "बोर्ड मी करतो."

"बाबा, आधी जरा खेळून तर बघा!"

"पिक्चर बघून मी कधी बोर्ड रंगवला नाही. बघितलं की हात आखडतो. गेममध्ये कोण कोण आहे तेवढं सांग."

"तिकीटवाली बाई आहे, माकूळवाला, कुत्रा..."

"आणखी?"

"बस, एवढेच. आणि प्रेक्षक."

"हं," बाबा म्हणाले, आणि रंगाचे डबे काढायला गच्चीवर गेले.

आठवडाभर कोणाला वर फिरकू दिलं नाही. मग एके सकाळी हाक आली. कुआनलिन वर गेला आणि जिन्याच्या तोंडाशीच थबकला. दोन मजली घराएवढं कापड. तिकीटवालीच्या गालावर पपईएवढा अश्रू. मागे आगीचा डोंब. आणि थिएटरच्या छपरावरून झेप घेणारा, जबडा वासलेला, अख्खा पट्टेरी वाघ.

"बाबा... गेममध्ये वाघ नाहीये."

"कुठल्याच पिक्चरमध्ये नसतो. बोर्डावर असतो."

"लोक शिव्या घालतील मला!"

"घालू देत. शिव्या घालायला आधी आत यावं लागतं. सायकलवरून जाणारा माणूस बघता बघता गटारात पडला पाहिजे, त्याला बोर्ड म्हणतात."

आता याचा फोटो काढल्याशिवाय तो दुकानात लागणार कसा? गच्ची पडली चिंचोळी. मागे सरावं तर फोटोवाला थेट खालच्या गल्लीत. एवढं कापड मावेल अशी भिंत गावात एकच, चिनलुंग टॉकीजची. आत आता जुन्या स्कूटर ठेवतात. मालक म्हणाला, लावा बापडे, भिंत काही खात नाही. मग बांबू आले, परांची बांधली गेली, आणि सत्तरी उलटलेले पेंटर कोणाचंही न ऐकता सरसर वर चढले.

"अहो, उतरा! हाडं मोडून घ्यायची आहेत का?" आई खालून ओरडत होती. ती एरवीच्या आवाजात ओरडली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण तिने माळ्यावरचा जुना कर्णा आणला होता, नवं वर्णन कानाला कसं लागतं ते बघायला. नवऱ्याला शिव्या देऊन झाल्यावर त्याच कर्ण्यातून ती सुरू झाली :

"या हो या! चिनलुंगमध्ये या! जिने हजारांना तिकिटं दिली, तिला स्वतःला जागा मिळेल का? आग! आसवं! वाघ! काळीज हळवं असेल त्यांनी शेजाऱ्याचा हात धरून यावं!"

झालं. दिवस कलायच्या आत टॉकीजसमोर म्हाताऱ्याकोताऱ्यांची गर्दी. कोणी स्टूल आणलेलं, कोणी पेरू, कोणी कलिंगडाच्या बियांची पुडी. आ-मान मावशी तर ओठ रंगवून आली आणि धूळ झटकून थेट जुन्या तिकीटखिडकीत जाऊन बसली. टॉकीज बंद पडेपर्यंत ती खिडकी तिचीच होती.

"काका, ऐका ना, हा बोर्ड नुसता फोटोसाठी..." कुआनलिन हात जोडत होता.

"तू शुईमूचा ना? जरा बाजूला हो. वाघ दिसत नाही."

"अहो, पिक्चर नाहीये!"

"पिक्चर नाही आणि बोर्ड आहे? तुझ्या बापाच्या हातून असं कधी झालं नाही."

आता या लोकांना परत कुठल्या तोंडाने पाठवायचं? सणावाराला देवाला पिक्चर दाखवायची गावाची रीत, म्हणून देवळात पडदा आणि प्रोजेक्टर असतोच, तो दोघा-चौघांनी उचलून आणला. स्कूटर कडेला सारल्या. आणि घामाघूम कुआनलिन गावासमोर आपला गेम खेळायला बसला.

पडद्यावर तिकीटखिडकी उघडली आणि गलका झाला. "डावीकडे नव्हती रे खिडकी, उजवीकडे!" "माकूळवाला एवढा गोरा कधी होता?" मग कुत्रा आला. "तोच! तोच तो! माझी चप्पल याने नेली होती!" हसता हसता आवाज खाली आले. कुआनलिनने मागे वळून पाहिलं तर बियांच्या पुड्या हातात तशाच, आणि बरेच जण डोळे पुसत होते. हेच तर दाखवायचं होतं त्याला.

"वाघ कधी येणार?" मागून कोणीतरी विचारलं.

"वाघाचं सोड," आ-मान मावशी खिडकीतून म्हणाली. "सगळे आहेत रे यात. कुत्रासुद्धा आहे. तुझा बाप कुठाय?"

पडद्यावर चिनलुंगची दर्शनी भिंत होती. स्वच्छ, कोरी. पेंटरचा पोरगा म्हणून कुआनलिन लहानपणी फुकट आत बसायचा, रोज. त्याला आठवायचं ते सगळं आतलं. बाबा कायम बाहेर, परांचीवर.

"दोरी सैल झालीय," बाबा कोणाकडे न बघता म्हणाले. "बघून येतो." दोरी चांगली घट्ट होती.

घरी आल्यावर आई भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुझे बाबा तीन वर्षं मला विचारतायत, गेममध्ये कोण कोण आहे. मी म्हणायचे, त्यालाच विचारा की. त्या दिवशी विचारलं एकदाचं."

पुढचे दिवस कुआनलिन खोलीबाहेर आला नाही. दुकानातलं चित्र बदललं, वाघासकट. वर्णन आईचं, शब्द न शब्द. आणि गेममधल्या कोऱ्या भिंतीवर परांची बांधली. तिच्यावर बनियन घातलेला एक माणूस बसला, तो गेमभर बोर्ड रंगवायचा. पिक्चर प्रेमाचा असो की भुताचा, हा आपला वाघच काढायचा. पानावर माणसं थांबू लागली, खुणा वाढू लागल्या. पण जेवढ्या ठरल्या होत्या तेवढ्या काही झाल्या नाहीत.

चंद्रोत्सव उजाडला. दारासमोर शेगडीवर मांस भाजत होतं, आई पोमेलो सोलत होती. कुआनलिनने बॅग भरून ठेवली, आणि जायच्या आधी बाबांना एकदाचा तो परांचीवरचा माणूस दाखवला.

बाबांनी पडद्याला नाक लावलं.

"माझं पोट एवढं होतं?"

"होतं," आई म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. शिनचूहून मामा. "काय भावजी, सोमवारी पाठवताय ना पोराला?"

"मेव्हणे, तो येत नाही."

"का? गेम खपला की काय?"

"अजून दुकानात यायचाय, खपतोय कुठला!"

"अहो, मग? वचन तुम्हीच घेतलंत ना त्याच्याकडून?"

"घेतलं होतं. तेव्हा मी खाली होतो," पेंटर म्हणाले. "आता कुठे वर चढलोय. मला असं अर्ध्या बोर्डावर लटकत ठेवून पोरगा जातो कसा, ते बघतोच." आणि त्यांनी फोन ठेवून दिला. मग मुलाकडे वळून खेकसले, "बघतोस काय? आधी पोट कमी कर!"

"पोटाला हात लावशील तर याद राख," आई म्हणाली.

कुआनलिनने आईचं ऐकलं, पोट तसंच ठेवलं. परांचीवरच्या बाबांच्या डोक्यावर केस तेवढे थोडे वाढवले.