के, डब्ल्यू, जी आणि एक दाढ

इंजेक्शनची सुई गादीवाल्यांच्या हिरडीत शिरली आणि नेमकी त्याच वेळी बाहेरच्या खोलीतल्या रेडिओवर 'शब्दांची लांबण' सुरू झाली.

"आजची अक्षरं आहेत के, डब्ल्यू आणि जी," निवेदक म्हणाला. "ही तिन्ही अक्षरं असलेला सगळ्यात लांब इंग्रजी शब्द सांगा आणि कपडे धुण्याचं मशीन घरी न्या!"

गादीवाले खुर्चीत ताठ झाले.

"दुखलं का?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. "आता दहा मिनिटं नुसतं पडून राहा. जीभ, ओठ, सगळं बधिर होईल. मग दाढ अशी काढतो, की तुम्हाला पत्ताही लागणार नाही."

ह्या कार्यक्रमापायी गादीवाल्यांनी ही दाढ महिनोन्‌महिने पुढे ढकलली होती. दुकानात गादी पसंत करायला आलेली गिऱ्हाइकं आडवी होऊन झोपी जायची, तरी हे आपले कोपऱ्यात शब्द शोधत. फोन मात्र आजवर एकदाही लागला नव्हता. त्यातून घरचं मशीन बंद पडल्यापासून बायको हाताने कपडे धूत होती आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. एवढ्या वर्षांच्या संसारात गादीवाले तिच्या बोलण्याला सरावले होते, गप्प बसण्याला नाही. आज तिनेच त्यांना दंडाला धरून दवाखान्यात आणलं होतं आणि आता ती खुर्चीच्या मागे पहाऱ्याला उभी होती.

बाहेर बाकावरच्या मंडळींनी दातदुखी विसरून शोध सुरू केला होता.

"वॉकिंग!" कुणीतरी म्हणालं.

"छे, नॉलेज मोठा आहे," वकीलबाई म्हणाल्या. अक्कलदाढ काढायला आल्या होत्या, तरी आवाज कोर्टातला.

"नॉलेजेबल!" आतून डॉक्टर ओरडले आणि चिमटा हातात घेऊन दारात जाऊन उभे राहिले.

गादीवाल्यांना एव्हाना डावा गाल आपला वाटेनासा झाला होता. आणि गाल गेला त्याच क्षणी शब्द आला. ॲक्नॉलेजमेंट! के होता, डब्ल्यू होता, जी होता, आणि लांबी तर आगगाडीसारखी. त्यांनी खिशातला मोबाइल काढून नंबर लावला. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"नमस्कार! 'शब्दांची लांबण'मध्ये स्वागत! कोण बोलतंय?"

"हाहीहाहे," गादीवाले म्हणाले.

"कोण?"

"हाही-हाहे! हॅहॉहेहें!"

"हॅलो, फोनजवळ लहान मूल आहे का? जरा मोठ्या माणसाला द्या."

बायकोने फोन ओढून घेतला. "अहो, हे माझे मिस्टर आहेत. दातांच्या दवाखान्यात आहेत, तोंड बधिर झालंय. पण त्यांना शब्द आलाय वाटतं. जरा थांबा हं, फोन ठेवू नका! काय हो, कुठला शब्द?"

"हॅहॉ..."

"नीट बोला ना!"

गादीवाल्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की दगडाला पाझर फुटावा. मग शेजारी उभ्या मदतनीस बाईंच्या खिशातलं पेन हिसकून त्यांनी गळ्यात बांधलेल्या कागदी रुमालावर लिहायला सुरुवात केली. ए, सी, के...

"ॲक्," बायकोने मागून वाचलं. "ॲक्? म्हणजे काय? अगं बाई! डॉक्टर, ह्यांना ओकारी येतेय!"

डॉक्टर चिमटा टाकून धावले. मदतनीस बाईंनी गादीवाल्यांच्या हनुवटीखाली भांडं धरलं. भांड्याखाली रुमाल झाकला गेला. गादीवाले भांडं ढकलत होते, बाई ते परत लावत होत्या.

"लाजू नका, काका," बाई म्हणाल्या. "होतं असं एखाद्याला."

"आम्ही लाइनवर आहोत," फोनमधून निवेदक म्हणाला. "सगळे श्रोते ऐकतायत."

शेवटी गादीवाल्यांनी भांडंच हिसकून डोक्यावर पालथं घातलं. रुमाल मोकळा झाला आणि त्यांनी उरलेला शब्द एका दमात लिहून काढला.

"ॲक्नॉलेजमेंट!" बायको किंचाळली. बाहेर टाळ्या पडल्या.

"वा, वहिनी! आता स्पेलिंग सांगा."

"ए, सी, के, एन, ओ, डब्ल्यू, एल, ई, डी, जी, ई..."

"जीनंतर ई नाही!" डॉक्टर ओरडले.

"मागून कुणी सांगायचं नाही, हा आपला नियम आहे," निवेदक दुःखाने म्हणाला. "तुम्ही बाद." आणि फोन बंद झाला.

बायको हळूहळू डॉक्टरांकडे वळली. "तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

"पण ई नसतोच तिथे! मी आयुष्यभर ईशिवाय लिहीत आलोय."

"मग आयुष्यभर चुकलात!"

"हाहे!" गादीवाले खुर्चीतून गरजले. ते 'आहे' म्हणत होते की आणखी काही, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

भांडण बाहेरच्या खोलीत आलं आणि मागोमाग गादीवालेही. वकीलबाईंनी हात वर केला. "दोन्ही स्पेलिंगं चालतात. पण स्पर्धा लांबीची आहे. मग शहाण्या माणसाने ई धरावा."

कोपऱ्यात गाल धरून बसलेल्या आजींनी इतका वेळ तोंड उघडलं नव्हतं. "म्हणजे धरायचा ना, नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की, आजी."

"बरं. मी जरा वारा घेऊन येते." आजी उठल्या आणि दार लोटून बाहेर गेल्या.

इकडे बायको डॉक्टरांना, आता आमचे कपडे तुम्हीच धुवा, असं सांगत होती, तेवढ्यात रेडिओवर निवेदक आनंदाने ओरडला, "अगदी बरोबर, आजी! ईसकट! मागून कुणी सांगत नाहीये ना?"

"नाही हो. मी दार लोटून घेतलंय."

आवाज रेडिओतूनही आला आणि दाराबाहेरूनही.

"पण आजी, इतका लांब शब्द सुचला कसा?"

"सुचतोय कुठला! इथे दवाखान्यात मघापासून त्याच्यावरून मारामारी चाललीय."

दार उघडलं. आजी आत आल्या, मोबाइल पिशवीत टाकून जागेवर बसल्या. "माझा नंबर लागला का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

कुणाला काय बोलावं सुचेना. गादीवाल्यांना सुचत होतं, पण बोलता येत नव्हतं.

बायको मात्र आजींच्या शेजारी जाऊन बसली. "आजी, घरी माणसं किती?"

"मी एकटी. दोन लुगडी. एवढं धूड ठेवू कुठे, तेच बघतेय." आजींनी गादीवाल्यांकडे पाहिलं. "तुमच्या यजमानांचं गाद्यांचं दुकान ना? पाठ फार धरते हो माझी."

"मग मशीनच्या बदल्यात देऊ की गादी! दुकानातली सगळ्यात जाड. काय हो?"

"हां? हाहा! हाहा!" गादीवाले दोन्ही हात हलवत ओरडले.

"बघा, कसे लगेच हो म्हणाले. आणि वर दोन उशा?"

"हाहा! हाहा!"

"तीन उशा म्हणतायत," बायकोने सांगितलं.

आजींनी गादीवाल्यांच्या डोक्यावरून मायेने हात फिरवला. "देवमाणूस हो," त्या म्हणाल्या.

"चला आत, आता आ करा," चिमटा धुऊन आलेले डॉक्टर म्हणाले.

गादीवाल्यांचा आ मिटलाच नव्हता.