एक पेटा, सत्तेचाळीस डोकी

बिंदुमाधवरावांना 'आदर' या शब्दाचा मूळ धातू सापडला, नेमकं त्याच वेळी तुंगाबाई त्यांना काहीतरी सांगत होत्या.

“अहो, ऐकालेत का? गुंडेरावांना फोन करा. सत्तर नको, पंच्याऐंशी म्हणा.”

“हं,” बिंदुमाधवराव म्हणाले, आणि त्यांनी वहीत 'दृ' लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

हे 'हं' मोठं कर्तबगार होतं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं मुलीचं लग्न ठरवलं होतं आणि म्हैसूरच्या बोगादीतलं घरही घेतलं होतं. दोन्ही वेळा सगळं पार पडल्यावर बिंदुमाधवरावांनी विचारलं होतं, “हे कधी ठरलं?”

पण या वेळी त्यांचंही काही चुकलं नव्हतं. मराठी मंडळाच्या वर्धापनदिनाला दरवर्षी बाहेरगावचे विद्वान येत. यंदाच्या विद्वानांनी गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं आणि चिटणीस गुंडेराव थेट बोगादीला आले. “मेष्ट्रे, स्वल्प अड्जस्ट करा. वीस मिनटं बोला. विषय तुमच्या मर्जीचा.”

'मेष्ट्रे' म्हणजे मास्तर. अडतीस वर्षं बिंदुमाधवरावांनी शाळेत संस्कृत शिकवलं, ते ऐकणाऱ्यांत मार्कांसाठी बसलेली मुलंच जास्त. आपण होऊन, खुर्चीत बसून, सलग वीस मिनिटं कुणी त्यांचं ऐकलंय असं आयुष्यात घडलं नव्हतं. ते आता घडणार होतं. या आनंदाच्या भरात त्यांनी एक सूचना केली. आदरावर नुसतं बोलून काय उपयोग? आधी सत्तरी ओलांडलेल्यांचा सत्कार करावा, मग त्याचा अर्थ सांगावा.

“चार-पाच जण असतील. आयतु, होऊन जाईल,” गुंडेराव म्हणाले. त्यांनी पाच शाली आणि एक जरीचा म्हैसूरचा पेटा, आयती बांधलेली पगडी, आणला. पेटा एकच पुरे होता. घालायचा, फोटो काढायचा, उतरवायचा आणि पुढच्याला घालायचा, अशी सगळीकडचीच रीत आहे.

रविवारी साडेचारला हॉल भरला. बिंदुमाधवराव व्यासपीठावर चौदा पानं मांडीवर घेऊन बसले. गुंडेरावांनी माईकवर सांगितलं, “सत्तरीच्या वरच्यांनी कृपया पुढं यावं.”

आणि अख्खा हॉल उठला.

आपल्या मंडळात कोण येतं, हे त्या क्षणी दोघांना प्रथमच दिसलं. मुलं बेंगळुरात, नाहीतर अमेरिकेत. म्हैसुरातच हेब्बाळच्या कंपनीत असलेली दोन-चार तरुण माणसं आईवडिलांना दाराशी सोडून परत गेली होती. रांगेत शेचाळीस माणसं होती. मोकळ्या खुर्च्यांत एकट्या तुंगाबाई उरल्या होत्या. त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या.

पहिले मालोजीराव. वय एक्याण्णव, पणजोबा म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात. पेटा घातला, फोटो निघाला, आणि गुंडेरावांनी तो उतरवायला हात पुढे केला. मालोजीरावांनी तो हात वरच्या वर धरला.

“काय करालास?”

“पुढच्यांना घालायचाय, मामा.”

“आमच्यात डोईचं पागोटं दुसऱ्यानं काढत नाहीत. काढलं तर त्याचा अर्थ वेगळा होतो. तुझ्या आज्याला विचार.”

गुंडेरावांचे आजोबा जाऊन साठ वर्षं झाली होती. ते घामाघूम झाले. शेवटी मालोजीरावांनीच तोड काढली. पेटा ते स्वतः उतरवतील, स्वतःच्या हातानं पुढच्याच्या डोक्यावर ठेवतील, आणि ठेवताना त्याच्या घराण्याबद्दल दोन शब्द बोलतील. पुढच्यानंही तसंच करावं. “म्हणजे मान जातो म्हणायला नको,” ते म्हणाले.

तोड सगळ्यांना पसंत पडली. बिंदुमाधवरावांनी तेवढा मनातल्या मनात हिशोब केला. शेचाळीस माणसं, गुणिले दोन शब्द. पण म्हैसुरात कुणाचे दोन शब्द दोनच असल्याचं त्यांना आठवेना.

मालोजीरावांनी दत्तोजीरावांच्या पणजोबांच्या घोड्याचं नाव, रंग आणि आजारपण सांगितलं. दत्तोजीरावांनी गोदावरीबाईंच्या माहेरच्या विहिरीचं पाणी वर्णिलं. गोदावरीबाईंनी पेटा डोक्यावर घेतला, आरशात पाहून यायची परवानगी मागितली आणि ती मिळालीसुद्धा. सहाव्या माणसाला शाल संपली, म्हणून शालही पेट्यामागून फिरू लागली. सत्कार झालेला माणूस कृतार्थ चेहऱ्यानं खाली उतरे आणि सरळ मागच्या दालनात जाई. तिथून बिसीबेळे भाताचा वास येत होता.

पावणेआठला गुंडेराव कानाशी लागले. “मेष्ट्रे, आठला हॉल सोडायचा आहे. साखरपुडेवाले बाहेर उभे आहेत.”

“आणि माझं व्याख्यान?”

“तुम्ही एक्काहत्तर ना?” गुंडेराव म्हणाले, आणि शेचाळिसाव्या माणसानं बिंदुमाधवरावांच्या डोक्यावर पेटा ठेवला. फोटो निघाला. “आजच्या विद्वत्तापूर्ण कार्यक्रमाबद्दल मेष्ट्रांचे आभार,” असं गुंडेरावांनी रिकाम्या हॉलला सांगितलं. फुलवाले आत शिरले होते. त्यांतल्या एकानं चौदा पानांवर निशिगंधाची टोपली ठेवली.

परतताना रिक्षात बिंदुमाधवराव तुंगाबाईंशेजारी बसले होते. ओली पानं मांडीवर होती. त्यांना रडू येत होतं, आणि एक्काहत्तराव्या वर्षी व्याख्यान राहिलं म्हणून रडणं बरं दिसत नाही हेही कळत होतं.

“‘सभ्य श्रोतेहो,’” शेजारून आवाज आला. “‘आदर हा शब्द दृ धातूला आ उपसर्ग लागून झाला. पुष्कळ लोक तो दृश् म्हणजे पाहणे याच्याशी जोडतात. ते चूक.’”

बिंदुमाधवरावांनी वळून पाहिलं. तुंगाबाई समोर बघत बोलत होत्या.

“‘जुन्या ग्रंथांत त्याचा अर्थ आधी लक्ष देणं, मनावर घेणं. नमस्कार, शाली, हार हे सगळं मागाहून आलं.’ पुढं तुम्ही तीन श्लोक म्हणता. ते मला येत नाहीत.”

“तुला हे कसं ठाऊक?”

“तीन आठवडे न्हाणीत रोज म्हणालात की. मी बाहेर भाजी चिरत बसायची.”

“सगळं ऐकलंस?”

“मत्ते काय, कानात कापूस घालू?”

बिंदुमाधवरावांनी ओल्या पानांची घडी घातली. आपल्या व्याख्यानाचा अर्थ आपल्यालाच आत्ता कळतोय, असं त्यांना वाटलं आणि फार लाज वाटली.

“तुंगा,” ते म्हणाले, “मागं एकदा तू मला काहीतरी सांगत होतीस. सत्तर, पंच्याऐंशी, असं काहीतरी. मी ऐकलं नाही.”

“ते इरली आता, राहू दे. होऊन गेलं.”

“नाही, सांग. ते सांग, आणि आणखी काही राहिलं असेल तर तेही सांग. मी ऐकतो.”

तुंगाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पदर सारखा केला, पिशवी पायाशी ठेवली आणि एकोणीसशे ब्याऐंशीपासून सुरुवात केली.

रिक्षा अजून पहिल्याच सिग्नलला उभी होती. बिंदुमाधवरावांच्या ओठांवर 'हं' आलं. ते त्यांनी गिळलं.