गायकांचा झुलता चौथरा

गायकांसाठी मी बांधलेला चौथरा जगाच्या शेवटच्या न्यायाच्या दिवसापर्यंत जागचा हलणार नाही, असं मी त्या वसंतात अलाबामातल्या आमच्या गावात भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. अस्सल पाइनचा, पायऱ्यापायऱ्यांचा. मी मागच्या रांगेत उभा राहून खर्जात गायचो, म्हणून वरची पायरी अंमळ जास्तच भक्कम केली होती. स्वतःच्या देहाची मला कल्पना होती.

चौथरा उरकायची घाई होती ती मेहुण्यापायी. माझ्या बायकोचा, व्हर्लीनचा, धाकटा भाऊ थर्मन धर्मशास्त्र शिकून आला आणि थेट आमच्या सोफ्यावर स्थिरावला. चर्चला तेव्हा पाळक नव्हता. रविवारी थर्मननं परीक्षेचं प्रवचन द्यायचं आणि मंडळीनं हात वर करून कौल द्यायचा, असं ठरलं. कौल मिळाला की पाळकाचं घर त्याचं, सोफा माझा.

अडचण एकच. थर्मन प्रवचन वाचायचा. कागदावरून!

आमच्याकडे प्रवचन बोलण्यातून सुरू होतं, पण संपतं गाण्यात. उपदेशकाचा आवाज तापत तापत एका सुराला लागतो, खालून ऑर्गन साद देतो आणि म्हातारी माणसंसुद्धा बाकांवरून उठतात. थर्मनचे वडील प्रवचनात असे गायचे की भर ऑगस्टात अंगावर काटा यायचा. ते गेल्यापासून मी त्या सुराचा भुकेला होतो.

"थोडं गा रे," मी थर्मनला म्हटलं.

"दाजी, देवाचं वचन समजवायचं असतं, आळवायचं नसतं."

"नुसतं समजवलंस तर एक हात वर होणार नाही."

"त्याला शिकवू नकोस," व्हर्लीन म्हणाली. "तू तुझा चौथरा बघ. आणि त्याच्या पायांखाली काहीतरी लाव. आम्ही बायकांनी मेण घासघासून जमीन आरशासारखी केलीय. ओरखडा उठला तर सोफ्यावर झोपायचं."

"तिथं जागा कुठंय?"

पण मुकाट्यानं मी चौथऱ्याच्या प्रत्येक पायाखाली गालिच्याचा तुकडा चिकटवला.

आता आमच्या 'स्वे'बद्दल. शब्दकोशात त्याचा अर्थ डोलणं, झुलणं असा काहीतरी असेल. आमच्याकडे अर्थ ठरवायच्या मदर आयडेला, पहिल्या बाकावर पांढरी टोपी घालून बसणाऱ्या, साऱ्या चर्चच्या वडीलधाऱ्या. पाऊल उचललं की तो नाच, आणि नाचाला चर्चमध्ये थारा नाही. पावलं रोवून नुसता देह हलला तर ती उपासना. त्यामुळे गाताना आम्ही वारा लागलेल्या मक्याच्या शेतासारखे हलायचो. आधी डावीकडे, मग उजवीकडे.

रविवार उजाडला. आमच्या चौथऱ्यापुढे, प्रवचनाच्या उंच मेजामागे उभा राहून थर्मन वाचू लागला. वाचतच राहिला. लोकांच्या हातातले पुठ्ठ्याचे पंखे मंदावले. मदर आयडेला मोठ्यांदा म्हणाल्या, "देवा, लेकराला सांभाळ."

उपदेशक बुडायला लागला की आमच्याकडे हे म्हणतात. समोर बसलेल्या व्हर्लीननं माझ्याकडे असं पाहिलं की मला सोफा कायमचा थर्मनच्या नावावर चढलेला दिसला.

त्याला हात द्यावा म्हणून मी हळूच गुणगुणायला लागलो. सगळ्या गायकांनी सूर धरला. आम्ही झुलू लागलो. डावीकडे, उजवीकडे. तळाला गालिचा, खाली मेण, आणि जुन्या जमिनीला त्या मेजाकडे थोडा उतार.

"रॉस्को," पुढच्या पायरीवरची सिस्टर ओडेसा ओठ न हलवता म्हणाली, "आपण चाललोय."

"कुठं?"

"थर्मनकडे."

थांबायला हवं होतं. पण गायक पुढे सरकताहेत हे पाहून ऑर्गनवाल्या क्लाइडला वाटलं, पवित्र आत्मा उतरला. त्यानं ऑर्गन मोकळा सोडला. ऑर्गन असा बोलावत असताना कोण थांबेल! आम्ही आणखी जोरात झुललो. चौथऱ्याची कड थर्मनच्या पोटऱ्यांना लागली. तो पुढे ढकलला गेला, कागद उडाले, त्यानं दोन्ही हातांनी मेज कवटाळलं.

"प्रभू, मला धर!"

क्लाइडनं नेमका तोच सूर धरून ठेवला.

"माझे पाय सरकतायत, प्रभू..."

"सांग, बाळा, सांग," मंडळी म्हणाली.

सुरुवात भीतीची होती, हे मी मान्य करतो. पण पुढचं भीतीचं नव्हतं. त्याला बायबलमधला, पाण्यात बुडणारा पेत्र आठवला. 'प्रभू, मला वाचव' असं म्हणता म्हणता त्याचा आवाज मोडला, वर चढला आणि एका जागी जाऊन लागला. ती जागा मला ठाऊक होती. व्हर्लीन उठून उभी राहिली. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "बाबा."

चौथरा मेजाला टेकून थांबला तेव्हा बाकांवर कुणीही बसलेलं नव्हतं.

सगळे हात वर झाले. "पाऊल एकानंही उचललं नाही," मदर आयडेलांनी निर्वाळा दिला. "मी बघत होते. उपासनाच ती."

मी मनातल्या मनात सोफ्यावर आडवा झालो होतो, तेवढ्यात चर्चचा कारभार बघणारे डीकन पर्विस खाकरले. "पाळकाच्या घराचं छप्पर गळतंय. रॉस्को, तू ते दुरुस्त कर. तोवर पाळक तुझ्याकडेच राहतील."

काम फार नव्हतं. पण थर्मन आता पुढच्या रविवारचं प्रवचन दाढी करताना गाऊन बघायचा, जेवताना गाऊन बघायचा, वडिलांच्याच सुरात. स्वयंपाकघरातून व्हर्लीन 'आमेन' म्हणायची. सगळं घर जुन्या दिवसांसारखं भरून जायचं.

एका संध्याकाळी तिनं विचारलं, "छप्पर झालं का?"

"एका कोपऱ्यात अजून ठिबकतंय."

"महिनाभर पाऊस नाहीये."

"म्हणूनच सापडत नाहीये, कुठं ते."

मग मक्याच्या पावाचा आणखी एक तुकडा तिनं थर्मनच्या ताटात वाढला.

"नीट बघ," ती म्हणाली. "घाई नको करूस."