नर्सबाईंचं सत्त्याण्णव टक्के हिरवं छत

आमच्या गल्लीतलं सर्वांत हिरवं छत नर्सबाईंचं असल्याचं कार्यालयाकडून लेखी कळलं, तेव्हा नर्सबाई आमच्या छतावर कुरडया वाळत घालीत होत्या. त्यांच्या स्वतःच्या छतावर ऊन पडत नसे. अंगणातल्या कडुलिंबानं त्यांचं घर वरून झाकून टाकलं होतं. त्यामुळं दर उन्हाळ्यात त्यांचं वाळवण आमच्या छतावर यायचं आणि त्याबदल्यात वाटीभर गरम चीक आमच्या घरात. सदर बाब मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते त्या झाडामुळं झालं. त्यात माझा काही हात नव्हता, असं माझं आजही मत आहे.

मी माणिकराव. छत्तीस वर्षं एका खात्यात आवक-जावक सांभाळून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. सध्या गंगाखेड रोडच्या आमच्या गल्लीच्या विकास समितीचा अध्यक्ष आहे. बैठकीला नियमित येणारा सभासदही मीच. नर्सबाई म्हणजे शेजारच्या पंचफुलाबाई. पालम तालुक्यात गावोगाव फिरून त्यांनी सुया टोचल्या, बाळंतपणं केली आणि रिटायर झाल्या. त्यांचे मालक सिताराम एसटीत ड्रायव्हर होते, ते गेले. बुद्ध पौर्णिमेला या घरात राहायला आले त्या दिवशी सितारामभाऊंनी पेडगावहून आणलेलं वीतभर रोप अंगणात लावलं होतं. पुढं त्याच्या बुंध्याला दोघांची कव लागायला लागली.

आता योजनेविषयी. योजना चांगली होती. वाईट योजना मी छत्तीस वर्षांत एकही पाहिली नाही. आमच्या परभणीत मे महिन्यात छतावर पापड वाळत नाही, भाजतो. सबब प्रत्येक घराच्या छतावर ताडपत्री, माती आणि तीवर हिरवळ अंथरायची, म्हणजे खाली माणूस गार राहील, असं ठरलं. हिरवळीला रोज पाणी लागतं आणि आमच्या नळाला ते दहा दिवसांनी येतं, असा मुद्दा बैठकीत एकानं काढला. पाणी हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही, असं त्याला सांगण्यात आलं.

अंमलबजावणीसाठी 'हरित छत कक्ष' निघाला. त्याचे प्रमुख आदिनाथ साहेब. तरुण, नम्र, बोलायला गोड. ते कुणालाच नाही म्हणत नाहीत आणि त्यांच्याकडून कुणाचंच काही होत नाही, म्हणजे पुढं जाणारा माणूस.

मोजणी ड्रोननं होणार होती. वरून फोटो काढायचा आणि छताचा किती भाग हिरवा दिसतो त्याची टक्केवारी काढायची. मी लेकीच्या लग्नातली मांडवाची हिरवी मॅट छतावर पसरली आणि चार कोपऱ्यांना चार तुळशी ठेवल्या. बाकीच्यांनीही थोड्याफार फरकानं हेच केलं. एकानं छताला हिरवा ऑइलपेंट मारला आणि दुपारी वर गेला तर चपला तिथंच चिकटल्या. नर्सबाईंनी काहीच केलं नाही, त्यांनी अर्जसुद्धा भरला नव्हता. ड्रोन आलं तेव्हा त्या आपल्या छतावर बाजेवर झोपल्या होत्या.

महिनाभरानं निकाल लागला. माझी मॅट 'हिरवी परंतु निर्जीव' या सदरात गेली. नर्सबाईंचं छत सत्त्याण्णव टक्के, शहरात पहिलं. उरलेले तीन टक्के म्हणजे फांद्यांतून डोकावणारी पाण्याची टाकी, असा खाली खुलासा होता. एवढ्या एका छतानं गल्लीची सरासरी वर गेली आणि आमची गल्ली 'आदर्श हरित गल्ली' ठरली. गल्लीच्या तोंडाला लोखंडी पाटी लागणार होती आणि पाटीवर अध्यक्षांचं नाव राहणार होतं. मी नको म्हणालो होतो, पण ते नियमात होतं.

सत्काराला आदिनाथ साहेब शाल, नारळ आणि दोन फोटोवाले घेऊन आले. सगळे जिना चढून वर गेलो. वर सिमेंटचा मोकळा स्लॅब, एक बाज, एक माठ. बस्स. साहेबांनी दोनदा गोल फिरून पाहिलं.

"मावशी, हिरवळ कुठंय?"

नर्सबाईंनी बोट वर केलं. वर लिंब डुलत होता.

"ते झाड आहे मावशी. योजना छताची आहे."

"मी कुठं म्हन्लं मला योजना पायजे म्हनून? तुमीच कागद धाडला."

साहेब बाजेवर टेकले. घाम पुसायला रुमाल काढला आणि तसाच परत ठेवला, कारण घाम नव्हता. माठातलं तांब्याभर पाणी प्याले. म्हणाले, "इथं लय गार वाटतंय हो."

"खाली घरात ह्याच्याहून गार हाय. मी तर कूलर बी घेतला न्हाई."

"हेच योजनेचं उद्दिष्ट आहे."

"मग झालं की साहेब."

"उद्दिष्ट झालं मावशी. काम राहिलं."

नर्सबाई भोळ्या. म्हणाल्या, "वरच्यायला लिवून टाका, झाड हाय म्हनून. इमानदारीनं चूक कबूल केली तर कोन खातंय का?" साहेबांनी त्यांना समजावून सांगितलं. अहवाल मुंबईला गेला होता, तिकडून अभिनंदनाचं उत्तर आलं होतं आणि त्या उत्तराचे आभारही इकडून मानून झाले होते. शिवाय झाड लिहायला अहवालात रकाना नव्हता. आता अहवाल बदलणं शक्य नसल्यामुळं अहवालाप्रमाणं छत करून घेणं एवढा एकच सरळ मार्ग उरला होता. छत्तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, साहेबांचं काडीइतकं चुकत नव्हतं.

चार दिवसांत नर्सबाईंच्या छतावर ताडपत्री, चार बोटं माती आणि गुंडाळी करून आणलेली हिरवळ पसरली. बाज जिन्याखाली गेली. पंधरा दिवसांत हिरवळ पिवळी पडली. तज्ज्ञ आले, त्यांनी माती हुंगली, वर पाहिलं आणि लिहून दिलं: 'अतिछायेमुळे हिरवळीस धोका. छायेचा स्रोत दूर करावा.'

छायेचा स्रोत म्हणजे कडुलिंब.

हे वाचून मी पण दचकलो, खोटं कशाला बोलू. साहेबांना म्हणालो, "साहेब, घर गार ठेवायला हिरवळ, आणि हिरवळ वाचवायला लिंब तोडायचा?"

"अध्यक्ष, मला कळत नाही का? माझंबी गाव देवगाव फाट्याजवळ हाय. दारात लिंब हाय आमच्या." साहेब कळवळून बोलत होते. "पण माझ्याकडं छत आहे. झाडाचा कक्ष वेगळा."

वृक्ष कक्षाचा अतिरिक्त कार्यभारही आदिनाथ साहेबांकडंच होता. त्यांनी छत कक्षातून वृक्ष कक्षाला पत्र लिहिलं. सात दिवसांत उत्तर न आल्यानं स्वतःला स्मरणपत्र दिलं आणि त्यातली भाषा कडक झाल्याचं दोन दिवस मनाला लावून घेतलं. शेवटी तोडीला तत्त्वतः मंजुरी मिळाली. अट एकच: एका झाडाच्या बदल्यात लाभार्थ्यानं दहा रोपं लावावीत. जागेच्या रकान्यात 'छत' असं छापूनच आलं होतं. नर्सबाईंची संमती घ्यायचं कारण नव्हतं, कारण पहिला क्रमांक आलेल्या लाभार्थ्याची संमती गृहीत धरतात.

मात्र कायदा आंधळा नाही. हरकती मागवल्या होत्या, मुदत सात दिवस. सूचना मी स्वतः गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तासाभरात बेचाळीस जणांनी हात जोडले. त्यातल्या किती जणांनी वाचून जोडले ते सांगता येणार नाही. लिंबाविषयी ज्याच्या त्याच्या तक्रारी होत्याच. कुणाच्या टाकीत पाला पडतो, कुणाच्या गाडीवर कावळे घाण करतात. ती गाडी लिंबाखाली लावू नये असं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझी स्कूटरही तिथंच असायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई कोरा कागद घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसल्या.

"माणिकराव, तुमाला कागदाचं कळतंय. मला एक दरखास्त लिवून द्या."

"काय लिहू?"

"लिवा, मला ते झाड पायजे."

"असं नाही लिहिता येत, नर्सबाई. कारण लागतं."

त्यांनी कागद मांडीवर सपाट केला. मग म्हणाल्या, "मालक गेले तवा समदी गल्ली ह्याच झाडाखाली बसली होती. तुमी बी होता. घरात कोनाला जागा न्हवती, झाडानं जागा दिली. आता लेकरं पुण्याला. उन्हाळ्यात मला ह्याच्याबिगर दुसरं कोन हाय? त्याला तोडलं तर मी ह्या घरात ऱ्हाऊ कशी? एवढं लिवा. बाकी तुमचं तुमी सजवा."

मी सजवलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून 'सविनय' पर्यंत असा अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. त्यांना तो दोनदा वाचून दाखवला. नर्सबाईंनी दस्तखत केलं, माझ्या हाताला हात लावला आणि गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुमी हाव म्हनून बरं हाय."

अर्जाला आता फक्त विकास समितीच्या अध्यक्षांची शिफारस लागत होती.

इथं एक तांत्रिक पेच उभा राहिला. अध्यक्ष मी. अध्यक्ष म्हणजे सगळ्या गल्लीचा, त्यानं तटस्थ असावं लागतं. तटस्थ माणसानं शिफारस केली तर तो तटस्थ राहत नाही, आणि तटस्थ न राहिलेल्या अध्यक्षाच्या शिफारशीला किंमत नसते. म्हणजे शिफारस केली तरी वाया आणि न केली तरी वाया. मी हे बायकोला, सविताला, नीट उलगडून सांगितलं. ती गहू निवडत होती.

"पाटी कधी लागायलीय?" तिनं विचारलं.

"त्याचा इथं काय संबंध?"

"काही न्हाई. माप घ्यायला मानूस येऊन गेला, तुमी अंघोळीला होता. नाव 'मा. माणिकराव' करायचं का 'श्री. माणिकराव', इचारत व्हता."

मी अर्ज कपाटात ठेवला. फेकला नाही, ही गोष्ट कुणीही तपासून घ्यावी. सातव्या दिवशी साहेबांचा फोन आला, अध्यक्ष, काही हरकती? मी म्हणालो, अधिकृतरीत्या प्राप्त झालेली एकही नाही. वाक्य शब्दशः खरं होतं. त्यांनी लिहिलं: 'हरकती निरंक'.

तोडायला माणसं आली ती गुरुवारी, सकाळी अकराला. पारा चव्वेचाळीसवर होता. अख्खी गल्ली बघायला जमली. साहेब आले, फोटोवाले आले. ऊन मरणाचं, म्हणून आम्ही सगळे लिंबाच्या सावलीत उभे राहिलो.

करवत सुरू झाली. पहिली मोठी फांदी पडली तशी रस्त्याकडची सावली गेली. आम्ही सगळे चार पावलं आत सरकलो. दुसरी पडली, आणखी आत सरकलो. आता दाटी व्हायला लागली. साहेबांच्या खांद्याला माझा खांदा, ऑइलपेंटवाल्याचं कोपर माझ्या बरगडीत. "ओ, ढकलू नका की," असं कुणीतरी वैतागून म्हणालं. तोडणारा वरून ओरडला, खालून बाजूला व्हा, अंगावर पडंल. आम्ही झालो बाजूला, पण जिकडं सावली उरली होती तिकडंच.

नर्सबाई समोर रस्त्यात उभ्या होत्या, भर उन्हात. डोक्यावर पदरसुद्धा घेतला नव्हता. रडत नव्हत्या, फक्त वर बघत होत्या. मग त्यांनी आमच्याकडं पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तिथं दाटी करू नगा. इकडं या, इकडून नीट दिसायलंय."

सविता गेली. मी हळूच म्हणालो, "अगं, ऊन लागंल." तिनं मागं वळून पाहिलं नाही. नर्सबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बाकी कुणी हललं नाही. ऊन खरंच लय होतं.

साडेबाराला शेवटची फांदी उरली. तिच्या खाली बाजेएवढी सावली आणि त्या सावलीत पंधरा-वीस माणसं, एकमेकांचे पाय तुडवत. सगळे म्हणत होते, वाईट झालं हो, लय जुनं झाड होतं.

तुम्ही म्हणाल, माणिकराव, एक सही केली असती तर. बरोबर आहे तुमचं. पण त्या सावलीत मी एकटा नव्हतो. माझ्या उजव्या हाताला एकजण शेवटपर्यंत खेटून उभा होता. मी सरकलो की तोही सरकायचा, मी हळहळलो की तोही हळहळायचा. उन्हामुळं तोंडाला रुमाल बांधलेला, त्यामुळं ओळख पटली नाही. तुम्ही एवढं सगळं निवांत बसून वाचलंत, मधून मधून हसलातही, म्हणून आपलं विचारतो. वाचताना तुम्ही कुठं बसला आहात, सावलीतच ना?